विहिरीवरचं इंजिन

लग्न होऊन मी वसईला आले, त्या वर्षी दसऱ्याला आमच्या घरात एकाच गाडीची दोन ठिकाणी पूजा झाली. सासूबाईंनी पडवीत उभ्या असलेल्या जुन्या विलायती गाडीला हळदकुंकू लावलं आणि बॉनेटवर झेंडूची माळ ठेवली. त्याच वेळी सासरे वाडीत, विहिरीवरच्या पत्र्याच्या खोपीत, त्याच गाडीच्या इंजिनासमोर नारळ फोडत होते. गाडी इथे, इंजिन तिथे, मधे सगळी केळीची बाग. मी साताऱ्याकडची, तोंडाने फटकळ. विचारलं, "मग देवाने नेमकं थांबायचं कुठे?" सासरे मोठ्याने हसले. सासूबाई अजिबात हसल्या नाहीत. पहिल्याच सणाला आपण माती खाल्ली हे लक्षात आलं, पण का, ते नंतर नवऱ्याने सांगितलं.

गाडी सासूबाईंच्या वडिलांची. ते डॉक्टर होते आणि आगाशीपासून नालासोपाऱ्यापर्यंत याच गाडीतून पेशंट बघत फिरायचे. सासूबाई एकुलत्या एक. वडील गेल्यावर गाडी त्यांच्याकडे आली आणि पाच-सहा वर्षं त्यांनी ती स्वतः चालवली. साडीचा पदर खोचून, चपला काढून, अनवाणी पायाने. त्या काळात आमच्या पट्ट्यात गाडी चालवणारी बाई म्हणजे लोक हातातलं काम सोडून बघायला रस्त्यावर यायचे. मग एका उन्हाळ्यात विहिरीवरचं पंपाचं इंजिन बसलं. सुटे भाग मिळेनात, केळी माना टाकायला लागली. तेव्हा सासऱ्यांनी बायकोला विचारून गाडीचं इंजिन उतरवलं आणि पंपाला जोडलं. "मिरगापर्यंत फक्त," ते म्हणाले होते. "पाऊस सुरू झाला की तुझं इंजिन तुझ्या गाडीत." त्या हो म्हणाल्या. मी त्या घरात आले तेव्हा या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली होती.

सासऱ्यांना आम्ही दादा म्हणायचो, सासूबाईंना आई. दादांनी ते इंजिन मुलासारखं सांभाळलं, हे मात्र खरं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं, असं ते रोज चालायचं. रेडिएटर गाडीतच राहिला होता. त्याऐवजी विहिरीचंच पाणी एका नळीने इंजिनाच्या पोटातून फिरवून पाटात सोडलेलं होतं. समोर थंड पाण्याची विहीर असताना रेडिएटर हवाय कशाला? वाडीवाले सगळेच असं करायचे. दर वर्षी मिरगाच्या सुमाराला दादा स्वतःहून विषय काढायचे, "यंदा लाइटचं कनेक्शन आलं की लगेच उतरवतो हं." आई म्हणायच्या, "बरं." त्या 'बरं'मध्ये राग नसायचा, टोमणा नसायचा, आणि त्यामुळेच दादा दिवसभर खाली मान घालून फिरायचे. मी त्यांच्या जागी असते तर पाचव्या वर्षीच घर डोक्यावर घेतलं असतं.

आता पाण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नव्वदनंतर नालासोपारा-विरारकडे बिल्डिंगांमागून बिल्डिंगा उभ्या राहत होत्या आणि तिकडे प्यायला पाणी नव्हतं. आमच्या किनाऱ्याकडच्या विहिरींतून टँकर भरून भरून जायचे. जमिनीखालचं गोडं पाणी असं उपसलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. हळूहळू एकेकाची विहीर मचूळ व्हायला लागली. दादांनी एकही टँकर भरू दिला नव्हता. टँकरवाले दारात येऊन बसायचे, दादा त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. "ज्यांनी पाणी विकलं त्यांच्या विहिरी खाऱ्या झाल्या. माझी होणार नाही," असं ते चारचौघांत छाती ठोकून सांगायचे. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून माठातलं पेलाभर पाणी प्यायचे आणि तोंड पुसून म्हणायचे, "गोड आहे."

विहीर खारी झाली हे पहिल्यांदा कळलं आईंना, आणि कळलं ते डाळीमुळे. एप्रिल महिना होता. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ आपली दगडासारखी. मी डाळ विकणाऱ्या वाण्याच्या नावाने शंख करत होते. आईंनी कळशीतलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, जरा वेळ तसंच धरलं आणि मोरीत थुंकलं. मग मला म्हणाल्या, "यांना कळता कामा नये."

मला वाटलं चार दिवसांचा प्रश्न आहे. गावातल्या तळ्याच्या पलीकडे एका ख्रिस्ती कुटुंबाची विहीर होती, तिचं पाणी अजून चांगलं होतं आणि माणसं नाही म्हणणारी नव्हती. मी सकाळच्या शाळेत शिक्षिका. एक वाजता घरी यायचे, दादा जेवून आडवे झाले की मोपेडला दोन कॅन बांधून निघायचे. त्या पाण्याने आई माठ भरायच्या, त्याच पाण्यात डाळ शिजायची, आणि दादांबरोबर वाडीत जाणारी कळशीही त्याच पाण्याची. वाडीत ते पाटाचं पाणी तोंडाला लावायचे नाहीत, कारण इंजिनातून आल्यामुळे त्यावर तेलाचा तवंग असायचा. पाऊस पडला की विहीर सुधारायची आणि आमची सुटका व्हायची. मार्च आला की पुन्हा कॅन. असे तीन उन्हाळे गेले. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या तेव्हा दादांनी कीड म्हणून औषध फवारलं. माझा नवरा सकाळी सहाला नोकरीसाठी बाहेर पडायचा आणि रात्री आठला उगवायचा. पाण्याची चव कळायला माणूस आधी घरात असावा लागतो.

मी आईंना अनेकदा म्हटलं, सांगून टाकू. त्या म्हणायच्या, "या माणसाने एक टँकर भरू दिला नाही गं." एवढंच. मी मोपेडला किक मारायचे.

चौथ्या वर्षी होळीच्या सुमाराला अखेर लाइटचं कनेक्शन आलं. विहिरीवर नवी मोटर बसली. ज्या दिवशी मोटर सुरू झाली त्याच दिवशी दुपारी दादांनी जुनं इंजिन उतरवायला पाने काढले. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे दुखणारे, पण असे लगबगीने निघाले की लग्नघरच आहे. इंजिन गेले काही महिने धड सुरू होत नव्हतं, धूर ओकत होतं, पण दादांच्या मते ते म्हातारपण होतं. "मिरगाला तिच्या गाडीत इंजिन पाहिजे," त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. "कुठल्या मिरगाला, हे विचारू नका."

हा मिस्त्री समुद्राकडच्या गावातला, ख्रिस्ती, पन्नाशीचा, मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं बांधण्यात हयात गेलेला. रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही आणि इतर दिवशी पाना खाली ठेवायचा नाही. बोलायचा कमी. त्याने इंजिनातलं तेल काढलं आणि ते पत्र्याच्या डब्यात चहासारखं दिसत होतं, दूध घातलेल्या चहासारखं. तेलात पाणी शिरलं होतं. त्याने हेड खोललं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. जिथून पाणी फिरायचं त्या वाटा पांढऱ्या-तांबड्या कवचाने बुजून गेल्या होत्या. तिसऱ्या सिलिंडरची भिंत आतून खाल्लेली होती, बोटाने दाबलं तर कपचा निघत होता.

"यात पानी कुठलं चालवलं, भाऊ?" मिस्त्रीने विचारलं.

"विहिरीचं. गोडं," दादा म्हणाले.

मिस्त्रीने तो कपचा जिभेला लावला. आयुष्यभर समुद्राच्या पाण्यावर चालणारी इंजिनं उघडलेला माणूस तो, त्याला काय सांगायचं? त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याची नजर दादांच्या मागे उभ्या असलेल्या आईंकडे गेली. आईंनी काही खूण केली नाही. नुसत्या बघत राहिल्या. मिस्त्रीने कपचा खाली टाकला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "जुनं झालं की होतं असं." त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला जन्मभर मानलं.

इंजिनाचा मुख्य सांगाडा, ज्याला ते ब्लॉक म्हणायचे, आम्ही टेम्पोत घालून गोखिवऱ्याला नेला. तिथे एका गाळ्यात सिलिंडर बोअर करायचं मशीन होतं. सोबत मला घेतलं, कारण दादांचं मत होतं की शिकवणारी माणसं नीट प्रश्न विचारतात. मशीनवाल्याने ब्लॉक एकदा बॅटरी मारून पाहिला आणि म्हणाला, "काका, भंगारात टाका." दुसरा ब्लॉक मिळेल का, मी विचारलं. तो म्हणाला, या गाडीचा? कुठून आणणार? दादा तिथल्या लाकडी खोक्यावर खाली बसले. मिस्त्री मात्र हलला नाही. चारही सिलिंडर मोठे करून आत नवे लायनर बसवायचे, म्हणजे लोखंडी नळकांडी ठोकून नव्या भिंती उभ्या करायच्या, असं त्याने सांगितलं. मशीनवाला म्हणाला, करतो, पण बाहेरची भिंत टिकेल याची हमी देत नाही.

मशीन चालू होतं तोवर आम्ही बाहेर टपरीवर चहा घेत होतो. दादांनी बशी तशीच धरून ठेवली होती. "सूनबाई," ते म्हणाले, "तिच्या बापाची वस्तू मी नासवली. मिरगापर्यंत म्हणून नेली आणि ही अवस्था केली. मी चांगली निगा राखली असती तर असं झालं नसतं. आता एवढी एक गोष्ट माझ्या हातून पुरी झाली पाहिजे. मग मी मेलो तरी चालेल."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तुमची निगा कमी नाही पडली हो, पाणीच खारं होतं आणि ते आम्ही तुमच्यापासून लपवलं. पण आईंना विचारल्याशिवाय मी बोलणार कशी? घरी आल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते. ते स्वतःला दोष देत बसलेत." आई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "इंजिन सुरू होऊ दे. सुरू झालं की दुसऱ्या दिवशी सांगेन."

"आणि नाही झालं तर?"

"तर त्याच दिवशी."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग लक्षात आलं की त्यांना ते कळलेलंच नाही, मग तिसऱ्या दिवशी बोलले.

लायनर बसले. पण ब्लॉकची सगळी भोकं बंद करून आत दाबाने पाणी भरलं, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर वीतभर लांब ओली रेघ उमटली. तडा. दादा घरी आले ते सरळ जाऊन झोपले. मिस्त्रीने ब्लॉक आमच्या पडवीत फळकुटावर ठेवला आणि म्हणाला, "टाके घालतो." मला वाटलं मस्करी करतोय. तो खरंच टाके घालणार होता. तड्याच्या एका टोकाला भोक पाडायचं, आत आटे काढायचे, त्यात लोखंडी पेच घट्ट पिळायचा आणि वरचं डोकं कापून टाकायचं. पुढचं भोक अशा जागी पाडायचं की आधीच्या पेचाचा थोडा भाग त्यात कापला जाईल. मग दुसरा पेच. असे एकात एक अडकलेले पेच तड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे घाई नाही, कुठे जोर नाही. भिंत इतकी पातळ होती की हात जरा चुकला तर सगळंच फुटलं असतं. दोन दिवस तो माणूस जेवायच्या वेळेखेरीज उठला नाही. शेवटी हलक्या हातोडीने सगळ्या रेघेवर ठोकत गेला आणि कानशीने घासलं. मी बोट फिरवून पाहिलं, टाके कुठे आहेत ते बोटाला कळत नव्हतं. पुन्हा दाबाने पाणी भरलं. अर्धा तास आम्ही दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काट्याकडे बघत बसलो आणि काटा जिथल्या तिथे राहिला. दादांनी मिस्त्रीचे दोन्ही हात धरले.

ब्लॉकच्या पोटातला क्षार काढायचं काम दादांनी आपल्याकडे घेतलं होतं. टोकाला वाकवलेल्या तारा, सायकलचे आरे, जुने चमचेसुद्धा. दुसरं कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. नऊ दिवस ते त्या भोकांतून खरवडत बसले होते आणि रोज संध्याकाळी निघालेला चुरा कागदावर घेऊन टाकून यायचे. एकदाही त्यांनी तो जिभेला लावला नाही. त्यांना लावायचाच नव्हता का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मग आले व्हॉल्व्ह. आठ व्हॉल्व्ह आपापल्या जागी इतके घट्ट बसले पाहिजेत की वारासुद्धा सुटता कामा नये. त्यासाठी कडेला बारीक वाळूसारखी खरखरीत पेस्ट लावून ते बसायच्या जागेवरच घासायचे असतात. मिस्त्रीने पहिला घासायला घेतला. आई दाराशी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "जास्त दाबताय तुम्ही." मिस्त्रीने मान वर करून पाहिलं. आईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, येऊन पाटावर बसल्या आणि त्याच्या हातातली, व्हॉल्व्ह धरून फिरवायची रबरी टोकाची काठी घेतली. दोन तळव्यांमध्ये ती काठी मागे-पुढे, मागे-पुढे, मधेच उचलून जरा फिरवायची, पुन्हा मागे-पुढे. ताक घुसळावं तसं. लहानपणी वडील हे काम त्यांनाच द्यायचे, असं त्या मान वर न करता म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. दादांनाही नसावं, कारण ते दारात तोंड उघडं टाकून उभे होते.

दोन दुपारी त्यांनी आठही व्हॉल्व्ह घासले. प्रत्येकाच्या कडेला एकसारखं राखाडी कडं उमटलं. मिस्त्रीने वरून रॉकेल ओतून ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत एक थेंब खाली उतरला नाही. "वहिनी, गॅरेजला येता का आमच्या?" तो म्हणाला. आई लाजल्या. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना लाजताना पाहिलं आणि मला त्यांचा भयंकर अभिमान वाटला.

इंजिन गाडीत बसवायचा दिवस ठरला तेव्हा मिरग आठवड्यावर आला होता. गाडी ढकलत अंगणातल्या चिंचेखाली आणली आणि फांदीला बोटवाल्यांकडून आणलेला चेन-पुलीचा गाडा अडकवला. नवरा रजा घेऊन घरी थांबला होता आणि त्याने व मिस्त्रीने इंजिन इंचाइंचाने खाली सोडलं. सगळं नीट चाललं होतं, आणि अगदी शेवटी अर्धा इंच राहिला. गिअरबॉक्सचा दांडा क्लचमध्ये जाईना. ढकला, उचला, डावीकडे घ्या. दादा म्हणत पुढून दाबा, मिस्त्री म्हणे दाबलं तर वाट लागेल. दोघांची जुंपली. आई गाडीचा दरवाजा उघडून आत जाऊन बसल्या. "मी गिअर टाकते," त्या आतून म्हणाल्या. "तुम्ही कुणीतरी मागचं चाक जॅकवर घेऊन हाताने हळूहळू फिरवा." चाक जरासं फिरलं, आतला दांडा त्याबरोबर फिरला, खाच जुळली आणि इंजिन सरकून जागेवर बसलं. मिस्त्रीने बोल्ट आवळले. दादा घाम पुसत म्हणाले, "हिला आधी विचारायला हवं होतं." चोवीस-पंचवीस वर्षांत असली पुष्कळ कामं असतील, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

तेल घातलं. बॅटरी जोडली. राहिला रेडिएटर.

मिस्त्री जरा मोठ्याने, कुणाकडेच न बघता म्हणाला, "गोडं पानी घाला हां."

"आमचं गोडंच आहे," दादा म्हणाले आणि कुणाला सांगण्याआधी स्वतःच बादली घेऊन विहिरीवर गेले. मी आईंकडे पाहिलं. भर उन्हाळ्याचं, तळाला गेलेल्या विहिरीचं पाणी. दादा बादली घेऊन येताना दिसत होते, गुडघे सांभाळत, अगदी खुशीत. आता बोलावं तर त्यांचा आनंद जाणार, आणि न बोलावं तर नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या पोटात पुन्हा तेच. त्यांनी बादली उचलून रेडिएटरच्या तोंडाशी आणली.

आईंनी त्या तोंडावर आपला तळवा ठेवला.

"हे नको," त्या म्हणाल्या. "हे खारं आहे."

"काहीतरी काय बोलतेस."

"तीन वर्षं झाली. तुम्ही पिता ते तळ्यापलीकडच्या विहिरीचं आहे. ही मोपेडवरून आणते. मी सांगितलं होतं हिला, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून." सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. आवाज चढला नाही, उतरला नाही.

दादांनी बादली खाली ठेवली. वाकून ओंजळ भरली आणि प्यायले. गिळलं. पुन्हा एक ओंजळ भरली आणि तीही प्यायले. नवरा पुढे सरकला, मिस्त्रीने त्याला दंडाला धरून थांबवलं. दादांनी तोंड पुसलं नाही, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. मग ते वळले आणि बागेत गेले. मला वाटलं रागावून गेले, आता काही खरं नाही. विहिरीवरच्या मोटरचा आवाज सकाळपासून चालू होता, केळींना पाणी सोडलेलं होतं. तो आवाज बंद झाला. दादांनी जाऊन स्वतःच्या हाताने खटका पाडला होता. मला रडू फुटलं ते तेव्हा.

ते परत आले. पाय धुतले. "नारळ जगतील," ते म्हणाले. "केळी गेली." मग माझ्याकडे बघून, "सूनबाई, तुझं ते पाणी आण."

मी कॅन आणला. मिस्त्रीने रेडिएटर भरला. आई आत बसल्या. पहिल्यांदा इंजिन नुसतंच खोकलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा धरलं, आणि धरलं ते असं की चिंचेवरचे कावळे उठले. मिस्त्री कान लावून, ब्लॉकच्या भिंतीवर हात ठेवून दहा मिनिटं उभा राहिला. टाके घातले त्या जागेवर त्याने कोरडं बोट फिरवलं आणि ते कोरडंच निघालं. "जा," तो म्हणाला. दादा वळसा घालून गेले, आईंच्या शेजारची सीट हाताने झटकली आणि बसले. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा आमच्या गल्लीतली पोरंटोरं, म्हाताऱ्याकोताऱ्या सगळी कुंपणाला लागली होती.

तासाभराने परत आली दोघं. दादा सरळ न्हाणीघरात गेले. मी आईंना विचारलं, "रागावले का?"

"नाही," आई म्हणाल्या. "एवढंच म्हणाले, तू आधी सांगितलं असतंस तर मी ते पाणी इंजिनाला लावलंच नसतं. तुझ्या वडिलांचं इंजिन वाचलं असतं."

"तुम्हाला तरी काय माहीत होतं आई, त्या पाण्याने इंजिन कुजेल म्हणून? आपल्या दोघींच्या डोक्यातच आलं नाही."

आई पाय पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"तुझ्या आलं नसेल," त्या म्हणाल्या. "मी कुणाची मुलगी आहे? पहिल्या दिवशीच कळलं होतं मला."

तीन उन्हाळे रोज सकाळी खोपीतून त्या इंजिनाचा आवाज घरापर्यंत यायचा आणि ही बाई चुलीपाशी बसून तो ऐकायची. "मग बोलला का नाहीत?"

"इंजिन परत बांधता येतं गं," आई म्हणाल्या, आणि दादांना टॉवेल द्यायला आत गेल्या.